उंबरातील किडा आणि निर्मितीचे दिवस

प्रश्न (रविवारच्या शाळेतील शिक्षिका)

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आमच्या मंडळीत मी दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना स्तोत्र 104 शिकवीत आहे. गेल्या रविवारी मुलांनी आवारातील उंबराखाली पडलेले एक फळ फोडले, आतून चिलटांसारखे किडे वळवळत बाहेर आले आणि एका मुलीने विचारले की, देवाने चांगल्या फळात किडे कशाला घातले? घरी येऊन वाचले तेव्हा कळले की या किड्यावाचून उंबरात बी धरत नाही आणि उंबरावाचून या किड्याची वीण होत नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाप्रमाणे झाडे तिसऱ्या दिवशी झाली आणि जीवजंतू त्यानंतर. तेव्हा हे दोघे एकाच आठवड्यात निर्माण झाले असलेच पाहिजेत, हाच निर्मितीचा पुरावा आहे, असे मुलांना सांगितले तर ते योग्य होईल काय?

उत्तर 1 (निवृत्त पाळक)

ताई, अवश्य सांगा, पण आधी मुलांना ते फळ नीट दाखवा. आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो ते कधी न दिसणाऱ्या गोष्टीला, आणि प्रत्यक्षात फुले त्या फळाच्या पोटातच असतात, शेकड्यांनी. आत जाण्यास टोकाशी एकच छिद्र आणि तेही खवल्यांनी बंद केलेले. या किड्याची, म्हणजे उंबराच्या माशीची, जेमतेम दोन मिलिमीटरची मादी त्यातून स्वतःला रेटत आत शिरते. या खटाटोपात तिचे पंख तुटतात, बहुधा मिशांचे तुकडेही पडतात, म्हणजे परतीची वाट उरत नाही. छातीवरील खिशांत आणलेले पराग ती फुलांवर घालते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. पुढे बिनपंखी नर आधी बाहेर पडतात, माद्या अजून अंडी घातलेल्या फुलांच्या गाठींतच असताना त्यांच्याशी संग करतात, त्यांच्यासाठी फळाच्या भिंतीला भोक पाडतात आणि त्यांचे आयुष्य संपते. माद्या नेमक्या तेव्हाच तयार झालेले पराग घेऊन उडतात आणि दुसरे झाड शोधण्यास त्यांच्याजवळ एक-दोन दिवसच असतात. हे आपोआप जुळून आले असे मानणे मला जमत नाही.

दिवसांविषयी म्हणाल, तर पाचव्या दिवसाच्या वचनात जेथे आपण ‘पक्षी’ वाचतो तेथे हिब्रूत ‘ओफ’ हा शब्द आहे आणि लेवीय 11:20 मध्ये तोच शब्द पंख असलेल्या कीटकांसाठी आला आहे. तेव्हा ही माशी पाचव्या दिवसाची मानली, तर झाडाला फार तर दोन दिवस थांबावे लागले. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर या कुळातील माशीचे जीवाश्म सापडले असून संशोधक त्यांचे वय 3 कोटी 40 लाख वर्षे सांगतात. ते वय मी स्वीकारत नाही. परंतु ती माशी आजच्यासारखीच आहे, हे तेच संशोधक सांगतात.

उत्तर 2 (वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका, याच विश्वासातील)

पाळकसाहेबांनी केलेले वर्णन अचूक आहे. पुराव्याच्या बाबतीत मात्र मी सावध राहीन, कारण ही मुले उद्या महाविद्यालयात जातील आणि तेथे त्यांना सांगितले जाईल की झाड व माशी यांचे नाते आरंभी सैल होते आणि कोट्यवधी वर्षांत दोघेही एकमेकांना जुळवून घेत गेले. बहुतेक जीवशास्त्रज्ञ हेच मानतात. ‘एकावाचून दुसरे जगूच शकत नाही’ एवढ्यावर मुलांचा विश्वास उभा केला, तर हे ऐकल्यावर तो डळमळेल.

शिवाय पवित्र शास्त्रातील उंबर वेगळीच गोष्ट सांगतो. येशूला पाहण्यासाठी जक्कय ज्यावर चढला आणि संदेष्टा आमोस ज्याची निगा राखी, ते झाड आपल्या उंबराचा जवळचा भाऊबंद, सिकॅमोर अंजीर. त्याची परागवाहक माशी आफ्रिकेत आहे, परंतु इजिप्त आणि इस्राएल येथे आढळत नाही. म्हणून तेथे त्याच्या फळांत बी धरत नाही आणि माणसे फांद्या लावून ते झाड टिकवीत आली. फळ पिकावे म्हणून प्रत्येक कच्च्या फळावर सुरीने चीर देत, कारण जखम झाली की फळातून इथिलीन हा फळ पिकवणारा वायू सुटतो आणि काही दिवसांतच ते फुगून गोड होते. आमोस 7:14 मधील निगा ती हीच, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणजे संदेष्ट्याच्या देशात माशीचे निदान थोडे काम तरी माणसाच्या हाताकडे आले होते. मला स्वतःला निर्माणकर्त्याचे कौतुक येथे अधिक वाटते, पण हे माझे मत झाले.

शिक्षिका

दोघांचेही आभार. आमोसाचा धडा पुढच्याच महिन्यात आहे, तेव्हा सुरीची गोष्ट तेथे सांगीन आणि ‘पुरावा’ हा शब्द तूर्त गाळीन. पण पडलेल्या फळातील किडे बहुतेक मेलेले असतात. मुलांना जिवंत माशी कशी दाखवावी?

उत्तर 2 (प्राध्यापिका)

पिकून पडलेली फळे नकोत. ज्यांच्यावर लाली चढू लागली आहे पण भोक पडलेले नाही, अशी चार-पाच फळे शनिवारी संध्याकाळी खोडावरून तोडून काचेच्या बरणीत ठेवा आणि तोंडाला मलमलीचे फडके बांधा. फळे योग्य वेळी तोडली गेली असतील, तर रविवारी सकाळी फडक्याच्या आतील बाजूस माद्या बसलेल्या दिसतील. भिंग मात्र जवळ ठेवा आणि फडके वर्गात सोडू नका.