किरण मोरे : सुटलेल्या एका कॅचवर अख्खी कारकीर्द तोलायची का?

सिलीपॉइंट (धागाकर्ता)
भारताचा माजी कीपर किरण मोरेचं नाव निघालं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात. १९९० साली लॉर्ड्सवर सोडलेला इंग्लंडचा कप्तान गूचचा कॅच, आणि १९९२ च्या वर्ल्ड कपमध्ये सिडनीला पाकिस्तानच्या मियाँदादने त्याच्यासमोर मारलेल्या उड्या. ४९ कसोटींत ११० झेल आणि २० स्टंपिंग, याचं कुणाला काही पडलेलं नाही. माझं मत सांगतो: किरमाणीनंतर आणि धोनीआधी भारताला मिळालेला सर्वांत चांगला कीपर मोरेच.

जानेवारी १९८८ ची मद्रास कसोटी घ्या. वेस्ट इंडिजविरुद्ध पदार्पणात लेगस्पिनर हिरवाणीचे १६ बळी सगळ्यांना तोंडपाठ आहेत. त्याच सामन्यात मोरेने ६ स्टंपिंग केली, त्यातली ५ दुसऱ्या डावात, आणि दोन्ही विश्वविक्रम ठरले. आखाड्यासारख्या खेळपट्टीवर लेगस्पिनरला कीपिंग करणं म्हणजे काय, हे जरा डोळ्यांसमोर आणा. फलंदाज पुढे धावला की चेंडू त्याच्या अंगाआड जातो. टप्पा पडेपर्यंत कीपरने बसूनच राहायचं. आधी उठला तर खाली राहिलेला चेंडू ग्लोव्हजखालून जाऊन बायच्या धावा. गुगली असेल तर चेंडू आत वळून थेट लेगला, म्हणजे दिसायचाच बंद. तिथून तो उचलून बेल्स उडवायच्या. एकाच सामन्यात सहा वेळा!

नाइटवॉचमन
साफ असहमत. मद्रासला वेस्ट इंडिजवाले स्वतःच सुटल्यासारखे पुढे येऊन मारत होते. यार्डभर बाहेर गेलेल्या फलंदाजाचं स्टंपिंग कुठलाही रणजी कीपर करेल.

आणि गूचचा कॅच विसरा म्हणता? मग हिशेब बघा. संजीव शर्माच्या चेंडूवर तो सुटला तेव्हा गूच ३६ वर होता. पुढे ३३३ केल्या, म्हणजे जीवदानानंतर २९७. आपण हरलो २४७ धावांनी.

कव्हरड्राइव्ह
हा हिशेब फसवा आहे. टॉस जिंकून त्यांना फलंदाजी दिली आपल्या कप्तानाने, अझरने. इंग्लंडने ४ बाद ६५३ वर डाव सोडला. लॅम्ब १३९, स्मिथ नाबाद १००. म्हणजे आपल्या गोलंदाजांना सगळ्या मिळून चार विकेट काढता आल्या. दुसऱ्या डावात गूचने परत १२३ केल्या, त्या कुणाच्या खात्यावर टाकायच्या?

सिलीपॉइंट
@नाइटवॉचमन, फलंदाज किती बाहेर गेला एवढंच तुम्ही बघताय. चेंडू हातात आला तर ना पुढचं! स्पिनरच्या मागे कीपरच्या चुका होतात त्या घेण्यात. बेल्स उडवणं ही शेवटची आणि सोपी पायरी.

कॅच सुटायला नको होता, यात वाद नाही. पण त्याच इंग्लंडमध्ये चार वर्षं आधी काय झालं होतं? १९८६, मोरेचं पदार्पणही लॉर्ड्सवरच, वय २३. तिथे चेंडू स्टंप ओलांडल्यावरही हलत राहतो, भल्याभल्या कीपरची ग्लोव्हजशी झटापट होते. या पोराने तीन कसोटींत १६ झेल घेतले. लॉर्ड्सवरचा आपला पहिला कसोटी विजय त्याच दौऱ्यातला, मालिका २-० ने खिशात. ते १६ झेल कुणाला आठवतात का? मला याचाच राग येतो.

थर्डमॅन
मी मधला मुद्दा मांडतो. सामन्यामागे बळी (झेल आणि स्टंपिंग मिळून) काढले तर मोरे २.६५ आणि किरमाणी (८८ कसोटी, १९८ बळी) २.२५. आकडा मोरेच्या बाजूने आहे, पण त्यावर फार भिस्त ठेवू नये. किरमाणीने बेदी, चंद्रशेखर, प्रसन्ना या स्पिनर्सना कीपिंग केलं. चंद्राचा चेंडू कुठे जाणार हे त्याच्या कप्तानालाही सांगता यायचं नाही.

नाइटवॉचमन
किरमाणीशी तुलनाच नको, त्याची दोन कसोटी शतकं आहेत. मोरेचं एकही नाही, सरासरी पंचविशीत. मोरेनंतरच्या कीपरने, मोंगियाने, १९९६ ला दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध सलामीला येऊन १५२ केल्या. कुंबळेच्या मागे तोच सरस होता.

सिलीपॉइंट
मोंगिया चांगलाच होता. दोघेही बडोद्याचे, त्यामुळे मी कुणा गाववाल्याची बाजू घेतोय असंही नाही. पण तो १५२ चा डाव एकच. मोरेने नेपियरला १९९० मध्ये सचिनच्या ८८ ला साथ देत ७३ केल्या. कराचीत, सचिनच्या पहिल्या कसोटीत, पाकिस्तानच्या ४०९ समोर निम्मा संघ शंभरीच्या आत गारद झालेला असताना नाबाद ५८. समोर इम्रान, अक्रम आणि नवखा वकार होते. सरासरीत हे दिसत नाही.

आणि १९९३ ला इंग्लंड ३-० ने इथून गेलं, तेव्हा कुंबळे, राजू, चौहान या तिघांच्या मागे कोण उभा होता? मोरेच. कुंबळेचा चेंडू वळत कमी, उसळत जास्त. छातीच्या उंचीवर येणारा तो वेग स्टंपजवळ उभं राहून घ्यावा लागतो. "मोंगिया सरस" म्हणायचं तर ही मालिका बाजूला सारून कसं चालेल?

नाइटवॉचमन
मालिका मान्य. पण माझ्या संघात मोंगियाच. लॉर्ड्सचा तो चेंडू सरळ हातात आला होता, आणि अशा चेंडूंसाठीच कीपर ठेवतात.

कव्हरड्राइव्ह
मग १९८६ चे सोळाही त्याच यादीत धरा.