‘द शायनिंग’मधला बाप: हॉटेलाने बिघडवलेला की आधीच मोडलेला?

प्रश्न
स्टीफन किंग यांची १९७७ सालची ‘द शायनिंग’ ही कादंबरी नुकतीच वाचून संपवली. स्टॅन्ली कुब्रिक यांचा १९८० सालचा चित्रपट आधी पाहिला होता आणि त्यातला जॅक टॉरन्स मला सुरुवातीपासूनच भीतिदायक वाटला होता. कादंबरीतल्या जॅकची मात्र सबंध वेळ कणव येत राहिली. बर्फाने वेढलेल्या हॉटेलात तो स्वतःच्या मुलाच्या जिवावर उठतो, याचा दोष तिथल्या भुताटकीला द्यायचा की त्याला?

प्रतिसाद १
त्याला. हॉटेलात पाऊल ठेवण्याच्या कितीतरी आधी, कागदांवर बिअर सांडली म्हणून त्याने आपल्या तीन वर्षांच्या मुलाचा, डॅनीचा, हात मोडलेला असतो, आणि तरीही त्याची दारू सुटत नाही. एका रात्री मित्राबरोबर गाडीतून जाताना रस्त्यात पडलेली लहान मुलाची सायकल गाडीखाली येते, दोघे अंधारात मुलाला शोधत राहतात, मूल कुठेच सापडत नाही, आणि तिथून पुढे तो दारू सोडतो. एकही भूत नसलेला हा प्रसंग मला सर्वांत भयंकर वाटतो.

प्रतिसाद २
यात जॅकच्या वडिलांनाही धरायला हवे. जेवणाच्या टेबलाशी बायकोला काठीने झोडपणारा हा माणूस मेल्यावरही हॉटेलातल्या, बाहेर संपर्क साधण्याच्या रेडिओवरून मुलाशी, म्हणजे जॅकशी, बोलतो. तो आवाज बंद करण्यासाठी जॅक रेडिओच फोडतो आणि बायकोमुलाचा बाहेरच्या जगाशी असलेला दुवा तुटतो.

प्रतिसाद ३
तरीही हॉटेलाला इतक्या सहज मोकळे सोडू नये, असे मला वाटते. त्याला हवा असतो तो डॅनी, त्याच्या अतींद्रिय शक्तीसाठी. बाप केवळ हत्यार. दारू सोडलेला जॅक हाताने पुन्हा पुन्हा ओठ पुसत राहतो, ही सवय किंग यांनी फार बारकाईने टिपली आहे, आणि हॉटेल नेमके तिथेच बोट ठेवून रिकाम्या बारमध्ये त्याच्यापुढे पेला सरकवते. व्यसनाशी झगडणाऱ्या माणसाला कोणी मुद्दाम पाजले, तर पाजणाराही गुन्हेगार असतो.

प्रश्नकर्ता
आभार. आपल्याच दारूबद्दल आपण लिहीत आहोत हे तेव्हा आपल्याला कळले नव्हते, असे किंग यांनी पुढे सांगितले आहे. कणव बहुधा तिथूनच आली असावी. चित्रपटातला जॅक मुलाचा पाठलाग करत चक्रव्यूहात गोठून मरतो. कादंबरीत मात्र मोगरी उगारलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर क्षणभर डॅनीचा बाबा परततो आणि मुलाला पळून जायला सांगतो. ते पान मी तीनदा वाचले.