मुलाच्या धार्मिक शंका आता मोबाईलला. घरी काय बोलावे?

प्रश्न (परभणी): रात्रीच्या इशाच्या नमाजनंतर जेवणाचा दस्तरख्वान अंथरला की माझ्या अम्मी, म्हणजे मुलांची आजी, दख्खनीत पैगंबरांचे किस्से सांगत आणि मुले मध्येच शंका विचारत. अकरावीतल्या मुलाचे लक्ष मात्र आता जेवतानाही मोबाईलमध्येच असते. परवा त्याने आजीला तोंडावर सांगितले की, दर्ग्यात फातिहा (मृतांसाठीची प्रार्थना) पढणे चूक आहे. एक मिनिटाच्या व्हिडिओत कोणी मौलाना तसे म्हणाले होते. अम्मी “नक्को बोल बेटा, खा ले,” एवढेच म्हणाल्या, आणि तेव्हापासून किस्से बंद आहेत. त्याचा मोबाईल गुपचूप तपासावा का?

उत्तर (अंबाजोगाई, शिक्षिका): गुपचूप नको. कुरआनातल्या सूरह (अध्याय) हुजुरातच्या 12 व्या आयतीत दुसऱ्याची टेहळणी करण्यास मनाई आहे. बापाने लेकराकडे लक्ष ठेवणे निराळे, पण ते त्याला सांगून ठेवावे. याच सूरहची 6 वी आयत त्याच्यासोबत वाचा: खबर आली की आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणता कुणाला इजा पोहोचवाल. आजीच्या बाबतीत नेमके तेच घडले.

उत्तर (खुलताबाद): मोबाईलवर सगळा दोष टाकणे मला पटत नाही. आमच्या गावात सूफी संत बुरहानुद्दीन गरीब यांचा चौदाव्या शतकातला दर्गा आहे, आणि दर्ग्यात काय करावे, काय करू नये यावर देवबंदी व बरेलवी या दोन सुन्नी मसलकांच्या (विचारधारांच्या) आलिमांमध्ये, म्हणजे धर्मपंडितांमध्ये, एकोणिसाव्या शतकापासून वाद चालू आहे. फरक इतकाच की, पूर्वी मोहल्ल्यातला मौलवी कोणत्या मसलकचा, हे पोरासोरांनाही ठाऊक असे. व्हिडिओतला माणूस मात्र आपले मत साऱ्या इस्लामचा निकाल म्हणून ऐकवतो आणि समोरच्याला उलट विचारण्याची सोय नसते. मुलाला हा वाद समजावून सांगा, गप्प बसवू नका.

उत्तर (बीड): माझे शौहर सौदीत आहेत. मुलगी मराठी शाळेत शिकते, तिला उर्दू वाचता येत नाही; तिचा कुरआनचा सबक ते रोज व्हिडिओ कॉलवर घेतात. मोबाईल नसता तर बापलेकीचे बोलणे खुशालीपुरतेच उरले असते.

प्रश्नकर्ता: सर्वांचे शुक्रिया. काल तोच व्हिडिओ दस्तरख्वानवर सगळ्यांनी मिळून पाहिला. अम्मींनी मुलाला विचारले, “इनो कौन हैं? किसके शागिर्द?” त्याला सांगता आले नाही. आज तो ते शोधतो आहे, आणि अम्मी त्याच्या शेजारी चष्मा लावून बसल्या आहेत.