आपली ओळख सातबाऱ्यावर की बाप्तिस्म्यात?

क्वार्टरगेटकर (धागाकर्ता)

पुण्यात दोन अनोळखी माणसं भेटली की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला 'राहायला कुठे?' येतंच. बाणेर म्हटलं की एक नजर, येरवडा म्हटलं की दुसरी. मग स्वतःचं की भाड्याचं, टू बीएचके की थ्री. उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारातही हेच ऐकू येतं, आणि स्थळं बघताना तर यापलीकडे फारसं कुणी विचारत नाही. ख्रिस्ती माणसाला हे शोभत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

वतनाच्या वाटणीसाठी भावाची तक्रार घेऊन आलेल्याला येशू सांगतो की कितीही मालमत्ता असली तरी माणसाचं जीवन तिच्यावर अवलंबून नसतं (लूक 12). पण मला खरा धडा वाटतो तो जक्कयाचा (लूक 19). मुख्य जकातदार, पैसेवाला, गावाच्या लेखी पापी. जक्कय चढून बसलेल्या झाडाखाली येशू थांबतो, त्याला नावाने हाक मारतो आणि म्हणतो, आज तुझ्या घरी उतरायचं आहे. तोवर जक्कयाने एक पैसाही दिलेला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, फसवलेल्यांना चौपट, हे सगळं त्यानंतर. आधी हाक आली, मग मूठ सैल झाली.

पाळकांनी बाप्तिस्म्याच्या, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेच्या, वेळी आपलं नाव उच्चारलं तेव्हा आपल्यातल्या बहुतेकांच्या नावावर काहीच नव्हतं. तरी तेव्हाच आपण कोण हे ठरलं होतं. पुढच्या चाळीस वर्षांची कमाई त्यात काय भर घालणार?

हडपसरवाला

अजिबात पटलं नाही. ज्याच्या आजोबांना गावच्या विहिरीला हात लावू दिला नाही, त्या नातवाने कर्ज काढून दोन खोल्या घेतल्या, तर दारावरची पाटी हीच त्याची ओळख आहे आणि ती त्याने अभिमानाने मिरवावी.

कागदाचंही ऐका. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीत धरला जात नाही. शिखांना 1956 ला घेतलं, बौद्धांना 1990 ला. आपण अजून बाहेरच. विश्वासाची ओळख सांगायची किंमत आमच्या घरांनी शिक्षणात आणि नोकरीत मोजली आहे. अशांना 'घराचा अभिमान नको' हे सांगणाऱ्याकडे बहुधा आधीच घर असतं.

क्वार्टरगेटकर

दादा, तुमचंच उदाहरण माझी बाजू मांडतं. गप्प राहिलं असतं तर सवलत मिळाली असती. तरी त्या माणसाने 'ख्रिस्ती' लिहिलं, म्हणजे सवलतीपेक्षा ते नाव त्याला मोठं वाटलं. हा कायदा अन्यायाचा आहे यात मला शंका नाही. घर घेण्यालाही माझा विरोध नाही. पण उद्या हप्ते थकले आणि बँकेने घर ताब्यात घेतलं, तर पाटीबरोबर तो माणूसही पुसला जाणार का?

इंद्रायणीकाठ

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातली आहे. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडल्याचं आम्ही लहानपणापासून ऐकतो. संपत्तीत माणूस नसतो हे देहूला कळलेलंच होतं. मग यात वेगळं ख्रिस्ती काय?

क्वार्टरगेटकर

ताई, ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक स्वतःच म्हणत की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. त्यामुळे हा वाद मी घालणार नाही. माझ्यापुरतं सांगतो. मला धीर वाटतो तो याचा की सोडणं हीसुद्धा माझी मिळकत नाही. मी काही सोडण्याआधीच मला स्वीकारलं गेलं आहे.

केडगावची

टिळकांचं नाव निघालं म्हणून लिहिते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचा. टिळक देऊन मोकळे होत, पण घरात उद्या काय शिजवायचं हे त्या बाईला बघावं लागे. अपरिग्रहाचं कौतुक करताना त्याचा भार कुणावर पडतो ते आपण विचारत नाही, आणि हे मला खरोखर सलतं.

पंडिता रमाबाईंचा मार्ग मला जास्त पटतो. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी मुली केडगावच्या आपल्या आश्रमात आणल्या, त्यात कितीतरी बालविधवा. 'तुम्ही देवाच्या लेकी आहात' हे त्यांना सांगितलं, पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत. जमीन होती, विहिरी होत्या, मुली शेती, विणकाम, छपाई शिकल्या. आपल्या नावावर काही नसलेल्या बाईला तिची ओळख दुसराच कुणीतरी सांगत असतो. विश्वास आणि मिळकत यांना एकमेकांसमोर उभं करणं पुरुषांना सोपं जातं.

कॅम्पातला सेवेकरी

वस्तूंपेक्षा मला मंडळीची, म्हणजे आपल्या चर्चची, काळजी वाटते. याकोबाच्या पत्रात (अध्याय 2) आहे: सोन्याची अंगठी घातलेला आला की त्याला चांगली जागा, गरिबाला 'तिथे उभा राहा'. देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायचं ती साक्ष; आज कित्येक सभांत साक्ष म्हणजे बढती, व्हिसा, नवी गाडी. नोकरी गेलेल्याच्या हातात कुणी माइक देत नाही. देवाची कृपा पॅकेजवर मोजायला आपणच शिकवतो आणि मग पोरं बाणेरचा फ्लॅट बघून माणूस तोलतात म्हणून रडतो.

क्वार्टरगेटकर

सेवेकरी, शंभर टक्के. त्या साक्षी ऐकताना माझाही जीव गुदमरतो. भिंतीवरच्या देणगीदारांच्या नावाच्या फरशांपासून सुरुवात करू या. नवी एकही लावायची नाही.

हडपसरवाला

फरशा काढल्याने माझ्या शेजाऱ्याचा हप्ता भरला जात नाही. मघाशी विचारलंत ना, घर गेलं तर तो कोण उरतो? प्रेषितांची कृत्ये, अध्याय 4 मध्ये लिहिलंय की पहिल्या ख्रिस्ती लोकांत कुणालाच उणं नव्हतं, कारण ज्यांच्या जमिनी-घरं होती ते विकून पैसे आणत. या प्रश्नाचं उत्तर त्याच्या एकट्याकडून मागू नका. तो मंडळीचा सभासद आहे, दर महिन्याला दशांश देत आला आहे. या रविवारी कमिटीपुढे त्याचा विषय मी मांडतोय. तुम्ही अनुमोदन देणार का?

क्वार्टरगेटकर

देतो. केडगावच्या ताईंचा मुद्दाही तिथेच घ्या, मदत त्याच्या बायकोशी बोलून ठरवू.