'लेपर'ला मराठीत काय म्हणावे? १८९८च्या कायद्यातले तीन शब्द

धंतोलीकर:
मंडळी, गाडी अडली आहे. एका वकील मित्रासाठी १८९८चा 'लेपर्स अ‍ॅक्ट' मराठीत करतो आहे. इंग्रजांनी केलेला हा कायदा आपल्या पुस्तकातून जायला २०१६ उजाडले. पहिल्या खर्ड्यात मी 'लेपर'ला सगळीकडे 'कुष्ठरुग्ण' लिहिले. आईने चार पाने वाचली आणि विचारले, "इंग्रज इतके मवाळ होते का रे?" तेव्हापासून हात थांबला आहे. 'पॉपर लेपर' तर अजूनच अवघड. 'गरीब कुष्ठरुग्ण' लिहिले की निराधार योजनेचा अर्ज वाटतो. आणि 'लेपर असायलम', म्हणजे धरलेल्या रोग्यांना ठेवायची जागा, त्याचे काय करू?

महालचा:
महारोगी लिहा ना जी. आजोबा तेच म्हणत.

तिसरी बाजू:
आजोबा बरेच काही म्हणत. १९४८ साली हवानाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 'लेपर' हा शब्द सोडून द्या असे सांगितले, कारण त्यात माणूस उरत नाही, फक्त रोग उरतो. 'महारोगी'तही तेच होते. आजच्या भाषांतरात कुष्ठरुग्ण किंवा कुष्ठबाधितच हवे.

जुनी पाने:
'तिसरी बाजू' यांचे म्हणणे आजच्या बातमीला, दवाखान्याच्या फलकाला शंभर टक्के लागू. पण इथे मूळ मजकूर १८९८चा आहे. त्याला साबण लावून धुतला तर कायदा काय करत होता तेच दिसणार नाही.

'पॉपर' या शब्दावर मात्र थांबा, सगळी मेख तिथे आहे. कायद्याची व्याख्या 'ज्याच्याकडे पैसा नाही तो' अशी नाही. जो उघड्यावर भीक मागतो, दया यावी म्हणून जखमा किंवा व्यंग दाखवतो, किंवा उपजीविकेचे दिसेल असे साधन नसताना मोकळा फिरतो, तो 'पॉपर लेपर'. त्यातही व्रण पडायला लागलेलाच माणूस 'लेपर'. प्रांताच्या सरकारने एखाद्या भागाला कायदा लागू केला की तिथे पोलिसाला अशा माणसाला वॉरंटशिवाय धरता येई. वाड्यात बसलेल्या सावकाराला हाच रोग असला तर तो 'पॉपर' नाही. धंद्याची बंधने होती, म्हणजे खाण्यापिण्याचे जिन्नस विकू नका, सार्वजनिक विहिरीचे पाणी घेऊ नका, पण त्याला घरातून उचलून नेता येत नव्हते.

हे असे का झाले, ते शब्दाआधी समजून घ्या. १८६७ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने सांगितले की रोग आनुवंशिक आहे, संसर्गाचा नाही. १८७३ साली नॉर्वेत डॉक्टर हॅन्सनला या रोगाचा जंतू दिसला. मुंबईचे डॉक्टर व्हॅन्डाइक कार्टर तर आधीपासून रुग्णांना वेगळे ठेवा म्हणत होते. १८८९ साली हवाई बेटांवर रुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन याच रोगाने गेले आणि सगळ्या साम्राज्यात घबराट उडाली. लगोलग १८९०-९१ मध्ये हिंदुस्थानात आयोग फिरला. त्याने काय म्हटले? संसर्गाचा धोका अगदी थोडा, सक्तीने सगळ्यांना कोंडू नका. तिकडे दक्षिण आफ्रिकेतल्या केप वसाहतीत १८९२पासून गरीब-श्रीमंत न पाहता रॉबेन बेटावर नेऊ लागले. इथे सरकारने मधला रस्ता काढला, रोग्याला नव्हे, रस्त्यावर दिसणाऱ्या रोग्याला धरायचे. म्हणून 'गरीब' चुकीचे आणि 'निर्धन'ही चुकीचे. माझे मत 'भिक्षेकरी महारोगी'. 'मोकळा फिरणारा' हा भाग त्यात नीट बसत नाही, तो व्याख्येच्या कलमात येतोच.

कडूकवठ:
आयुर्वेदाचा विद्यार्थी म्हणून मधेच बोलतो. 'कुष्ठ' शुद्ध आणि 'महारोग' गावठी, हे समीकरण कुठून आले कळत नाही. ग्रंथांत कुष्ठ अठरा प्रकारचे, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे, आणि त्यात आज आपण साधे त्वचारोग म्हणू तेही आहेत. बोलीतली 'रक्तपिती' म्हणजे हाच रोग, पण ग्रंथातले 'रक्तपित्त' म्हणजे रक्तस्राव! आणि 'कोड' तर सर्वस्वी निराळे. पांढऱ्या डागांना 'श्वेतकुष्ठ' म्हणून लोकांनी किती मुलींची लग्ने मोडली असतील. जुन्या खानेसुमारीतही गणना करणाऱ्यांना बजावावे लागे की नुसता पांढरा कोड असेल तर या रकान्यात लिहू नका.

(माझे टोपणनाव विचारणाऱ्यांसाठी: कडू कवठाच्या बियांचे तेल. चौलमुगऱ्याच्या नात्यातले झाड. या रोगावरचे डॅप्सोन हे औषध यायच्या आधी तेच टोचत.)

सायकलवरचा:
वर्धा जिल्ह्यात कुष्ठतंत्रज्ञ होतो, आता निवृत्त. तीस वर्षे गावोगाव चट्टे तपासले. घरात शिरताना 'कुष्ठरोग' म्हटले की दार बंद, 'महारोग' म्हटले की शिव्या. आम्ही विचारायचो, "अंगावर सुन्न चट्टा आहे का कुठे?" लोक सदरा वर करून दाखवायचे. एवढेच.

एक क्रियापद मात्र काढून टाका, 'बोटे झडणे'. पाने झडतात, केस झडतात. आपल्याकडे कामचुकाराला "हात झडले काय तुये?" म्हणतात, तो शाप इथूनच आला असावा. पण बोटे झडत नाहीत. नस मेली की चटका कळत नाही, जखम चिघळते, हाड आतल्या आत झिजते आणि बोट आखूड होत जाते. चुलीवरचे भांडे चिमटा न घेता उचलणाऱ्या बायांचे हात मी पाहिले आहेत. गोळ्या वेळेत, सहा महिने किंवा वर्षभर, घेतल्या तर यातले काही होत नाही.

आणि 'महारोगी' हा शब्द वापरणारे सगळेच तुच्छतेने वापरत नव्हते. मनोहर दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला काम मांडले तेव्हा, बाबा आमट्यांनी वरोऱ्यात समिती काढली तेव्हा, नावात हाच शब्द घेतला. वरोऱ्याच्या पाटीवर तो आजही आहे.

तिसरी बाजू:
सायकलवरचे काका, पाटीचा मुद्दा मान्य. कायद्याच्या मजकुरात महारोगी ठेवा, पण प्रस्तावना आणि टिपा भाषांतरकाराच्या आहेत, तिथे नको.

धंतोलीकर:
ठरले. कलमांत 'महारोगी' आणि 'भिक्षेकरी महारोगी', माझ्या टिपांत 'कुष्ठरुग्ण'. 'झडणे' कुठेच नाही.

राहिले 'असायलम'. 'आश्रम' लिहवत नाही, कारण तिथून पळाला तर पुन्हा वॉरंटशिवाय धरून आणायची सोय कायद्यात आहे. आश्रमातून कोण पळतो?

महालचा:
भाऊ, आपल्या नागपुरात 'ल्युनॅटिक असायलम'ला लोकांनी कधीच आश्रम म्हटले नाही. आजही ऑटोवाल्याला पागलखाना चौक सांगावा लागतो. 'महारोगीखाना' लिहून पाहा.

धंतोलीकर:
लिहून पाहिले. आईला दाखवले. म्हणाली, "आता कायद्यासारखे वाटते."