एमएसडब्ल्यू (मास्टर ऑफ सोशल वर्क) करायचंय, घरचे म्हणतात बीएड कर. यात खरंच करिअर होतं का?

माळावरची:
नमस्कार मंडळी. मी बार्शी तालुक्यातली, यंदा बीए समाजशास्त्राचं शेवटचं वर्ष. माझी मावशी अंगणवाडी सेविका आहे, सुट्टीत तिच्याबरोबर फिरायचे, पोरांची वजनं घ्यायची, रजिस्टरं भरायची, गरोदर बायकांच्या घरी जायचं, त्यातूनच एमएसडब्ल्यू करायचं मनात पक्कं झालं. बाबा म्हणतात बीएड कर, निदान शाळा तरी मिळेल, समाजसेवा काय नोकरी सांभाळून संध्याकाळीपण करता येते. त्यांचं अगदीच चुकतंय असं नाही, आमच्या ओळखीतले एकजण एमएसडब्ल्यू झालेत ते आता पतसंस्थेचं कलेक्शन करतात. तर विचारायचं असं की हे शिकून नेमकं काम काय मिळतं, कुठल्या कॉलेजला जावं, तुळजापूरचं टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) जवळ पडतं, सोलापूर आहे, पुण्याच्या कर्वेचं नाव ऐकलंय, स्पेशलायझेशन कुठलं घ्यावं, आणि सुरुवातीची वर्षं पगारात भागतं का. माझं सगळं शिक्षण मराठीतून झालंय, इंग्रजी वाचता येतं पण बोलताना अडते. जे या क्षेत्रात आहेत त्यांनी प्लीज खरं खरं सांगा.

वॉर्डातली_ताई:
मी सरकारी हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर आहे, आमच्या पोस्टला समाजसेवा अधीक्षक म्हणतात. बाबांना आधी हे सांग की संध्याकाळी वेळ मिळाला की करायचं काम वेगळं आणि हे वेगळं. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल निघालं, तेच आजचं टिस, आणि १९४६ ला जेजे हॉस्पिटलात पहिल्या मेडिकल सोशल वर्करची नेमणूक झाली. म्हणजे शिकून, पगार घेऊन करायचं काम म्हणून आपल्याकडे याला ऐंशी वर्षं होत आली.

आता काम काय असतं ते सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत. साखर वाढून पायाला गँगरीन झालेला ऊसतोड कामगार आला. डॉक्टर म्हणतात गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, आणि हा म्हणतो मला डिस्चार्ज द्या. राऊंडला सगळ्यांनी समजावून झालं, ऐकेना, शेवटी केस आमच्याकडे आली. स्टूल घेऊन त्याच्या कॉटशेजारी बसले, पायाचं काहीच विचारलं नाही, घरी कोण कोण, पोरं कुठे शिकतात, यंदा कुठल्या कारखान्यावर जाणार होता, असं बोलत बोलत कळलं की मुकादमाकडून उचल घेऊन झालीय आणि ती घरात खर्चही झालीय. कोयता नवरा-बायकोचा मिळून धरतात, हा पडला तर बायकोला एकटीला कोण घेणार आणि उचल कशी फिटणार, हा त्याचा प्रश्न. ऑपरेशनला तो तयारच होता हो, त्याला फक्त त्या उचलीचं काय करायचं ते कुणीतरी ऐकून घ्यायला हवं होतं. मग मेव्हण्याला बोलावलं, त्याच्यासमोर मुकादमाशी फोनवर बोलणं झालं, मुदत मिळाली, तेव्हा याने संमतीपत्रावर अंगठा दिला.

आणि खरं काम त्यानंतर सुरू झालं. रेशनकार्ड गावाकडे, आधारवरचं नाव वेगळं, ते जुळल्याशिवाय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केस पुढे जाईना, आरोग्यमित्राच्या टेबलापाशी उभं राहून ते निस्तरायचं, नंतर दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड, संजय गांधी निराधारचा अर्ज, जखम भरल्यावर कृत्रिम पायाचं माप. हे त्या बाईला एकटीला जमलं असतं का? तहसीलच्या पायऱ्या झिजवून दमली असती. आता हाच पेशंट ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलात असता तर तिथे धर्मादाय कायद्याच्या कलम ४१ कक खाली १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्याच लागतात, पण बहुतेक नातेवाईकांना हे माहीत नसतं, सोशल वर्करने सांगितलं तरच कळतं. म्हणून माझं मत विचारशील तर स्पेशलायझेशन कुठलंही घे पण योजना, कायदे आणि कागद यांत पक्की हो. नुसता कळवळा घेऊन वॉर्डात आलेली मुलं पहिल्याच पावसाळ्यात गळून जातात, मी बघितलंय.

मराठीचं टेन्शन तर अजिबात नको. पेशंट तुझ्या भाषेत बोलतो, हेच तुझं भांडवल.

फील्डवर्कवाला:
कॉलेजचं मी सांगतो, माझा पुण्यात एमएसडब्ल्यू झालाय. पहिली गोष्ट, कुठल्याही शाखेच्या ग्रॅज्युएटला एमएसडब्ल्यू करता येतं, दोन वर्षांचा कोर्स आहे. टिसला जायचं तर सीयूईटी पीजी द्यावी लागते, फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत सुटतात आणि परीक्षा मार्चच्या आसपास असते त्यामुळे आत्तापासून लक्ष ठेव. मुंबईत निर्मला निकेतन १९५५ चं, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था १९६३ ची, ही जुनी नावं आहेत, सोलापुरात वालचंद कॉलेजलाही एमएसडब्ल्यू आहे.

पण नाव बघून अॅडमिशन घेऊ नकोस, फील्डवर्क बघून घे. हा सगळा कोर्स फील्डवर्कवर उभा आहे. साधारणपणे आठवड्यातले दोन दिवस एजन्सीत जायचं, म्हणजे एखाद्या संस्थेत, वस्तीत, हॉस्पिटलात, बालगृहात, आणि जे बोलणं झालं ते रेकॉर्डिंगमध्ये लिहून काढायचं, क्लायंट काय म्हणाला, मी काय म्हणालो, मी तसं का म्हणालो, ते सुपरवायझर वाचणार आणि आयसीमध्ये म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्सला समोर बसवून एकेका वाक्यावर विचारणार. आमच्या मॅडम विचारायच्या, ती बाई रडायला लागल्यावर तू लगेच योजनेची माहिती का द्यायला लागलास, तिचं रडणं तुला सहन झालं नाही म्हणून ना? हा एक प्रश्न मला दोन वर्षांच्या सगळ्या लेक्चरपेक्षा जास्त शिकवून गेला. केसवर्क, ग्रुपवर्क, कम्युनिटी ऑर्गनायझेशन, म्हणजे एका माणसासोबत, गटासोबत आणि वस्तीसोबत काम करायच्या या पद्धती पुस्तकात सगळीकडे सारख्याच आहेत, पण रेकॉर्डिंग वाचणारा सुपरवायझर सगळीकडे नसतो. काही कॉलेजं अशी आहेत की हजेरी कागदावर, फील्डवर्क कागदावर, शिबिराचे फोटो काढले की झालं, तिथे दोन वर्षं घालवून बाहेर पडलेल्या मुलांना मग पतसंस्थेतच जावं लागतं आणि बदनामी डिग्रीची होते. मला याचा फार राग येतो कारण ही बहुतेक गावाकडची, पहिल्या पिढीत शिकणारी पोरं असतात.

तर अॅडमिशनच्या आधी कॉलेजला जाऊन सेकंड इयरच्या मुलांना गाठ आणि विचार, तुमची एजन्सी कुठली, आयसी दर आठवड्याला होते का, रेकॉर्डिंगवर शेरे असतात का, ब्लॉक प्लेसमेंटला, म्हणजे सलग काही आठवडे एका संस्थेत राहून काम करायला, कुठे पाठवतात. या उत्तरांवरून सगळं कळतं.

कंत्राटी_कर्मचारी:
वरचं दोघांचंही पटलं पण पगाराचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय. मी एका प्रकल्पात समुपदेशक आहे, ऑर्डर अकरा महिन्यांची, मग एक दिवसाचा ब्रेक आणि पुन्हा ऑर्डर. एड्स नियंत्रणाच्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रांतले समुपदेशक घ्या, जिल्हा बाल संरक्षण कक्षातले लोक घ्या, बहुतेक सगळे कंत्राटी. जिल्ह्याच्या ठिकाणी संस्थेत सुरुवात पंधरा ते पंचवीस हजारांत होईल असं धरून चाल, माझ्या ओळखीतल्या बहुतेकांची अशीच झाली. २०२० मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा बदलला, परदेशी निधी एका संस्थेने दुसरीला द्यायचा नाही आणि प्रशासकीय खर्च ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर, त्यानंतर कितीतरी छोट्या संस्थांचे हात बांधले गेले, कारण वस्तीत काम करणाऱ्या माणसाचा पगारही बऱ्याचदा याच खर्चात धरला जातो. हे तुला कळलेलं बरं, नाहीतर दोन वर्षांनी घरी काय सांगणार.

तरी तू येऊ नकोस असं मी म्हणणार नाही. फक्त एक पक्की वाट आधीपासून धरून ठेव. कारखान्याकडे कल असेल तर मोठ्या कारखान्यात कायद्याने वेल्फेअर ऑफिसर नेमावाच लागतो. सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामात, २०१४ पासून बऱ्यापैकी जागा निघाल्या, कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात ना, पण तिथे इंग्रजी रिपोर्ट आणि एक्सेल लागतं, ते शिकावं लागेल. कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट-सेट या पात्रता परीक्षा. सरकारी पाहिजे तर समाज कल्याण आणि महिला व बाल विकास विभागाच्या जाहिराती बघत राहायचं, त्या रोज येत नाहीत पण येतात, आणि त्यात बसायला अभ्यास वेगळा करावा लागतो. मानसिक आरोग्यात जायचं तर एमएसडब्ल्यूवर थांबून चालत नाही, २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर अॅक्टमध्ये सायकियाट्रिक सोशल वर्करच्या व्याख्येत एमफिल लिहिलंय, दोन वर्षं फुल टाइम.

आणि डॉक्टर-वकिलांसारखी आपल्या पेशाची स्वतःची परिषद आपल्याकडे नाही, त्यामुळे कोणीही उठून स्वतःला सोशल वर्कर म्हणवून घेतं, तुझे बाबा म्हणतात ते संध्याकाळचं प्रकरण त्यातूनच आलंय. २०२१ च्या अलाइड हेल्थकेअरच्या कायद्यात मेडिकल आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर यांचं नाव आलंय ही चांगली गोष्ट, पण आपल्या पेशातले बाकी बरेच जण अजून बाहेरच आहेत. यावर आपण लोकांनीच आवाज उठवायला पाहिजे, संघटना नाही आपली धड.

माळावरची:
खूप खूप आभार सगळ्यांचे, एवढं सविस्तर कोणी लिहील वाटलं नव्हतं. ताई ते कोयत्याचं वाचून आमच्याच गावातले लोक डोळ्यासमोर आले. एक विचारू का, मला मुलांसोबत काम करायला आवडेल, बालविवाह वगैरे. त्यात मुलीला एकटीला फिरावं लागतं का, बाबांना मुख्य काळजी त्याचीच आहे.

बीडची_मंजू:
मी बाल संरक्षणात काम करते म्हणून मीच सांगते. हो, फिरावं लागतं. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर कॉल येतो की अमुक गावात उद्या सकाळी लग्न आहे, मुलगी दहावीतली. आपण एकटं धावत जात नाही गं, २००६ च्या कायद्याने बालविवाह प्रतिबंध अधिकारी नेमलेले असतात, गावात ग्रामसेवकाकडे ती जबाबदारी आहे, पोलीस असतात, अंगणवाडी ताई असते. तुझ्या मावशीसारख्या बायकांकडूनच तर आधी बातमी लागते, वयाचा पुरावा कुठल्या रजिस्टरमध्ये आहे तेही त्यांनाच माहीत असतं. मंडप पडलेला असतो, आचारी आलेला असतो, पाहुणे चिडलेले, अशा वेळी आवाज न चढवता मुलीच्या आईला बाजूला घेऊन बोलायचं हे कौशल्य आहे आणि ते शिकूनच येतं.

लग्न थांबवलं की फोटो पेपरात येतो आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. माझ्या मते काम तिथून पुढे आहे. मुलीला बाल कल्याण समितीपुढे न्यायचं, घरी जाऊन सामाजिक तपासणी अहवाल करायचा, आणि तो अहवाल म्हणजे छापील फॉर्म भरणं नाही. आईबाप सहा महिने तोडीला जाणार, मागे आजी एकटी, मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची या भीतीने लग्न ठरवलंय की देणं फेडायचंय की मुलगी कुणासोबत पळून जाईल याचा धाक आहे, यातलं नेमकं काय ते कळलं तरच समितीला कळणार की तिला वसतिगृह हवंय, घरीच ठेवून लक्ष ठेवायचंय की बालगृहातच पाठवायला हवं. चुकीचं लिहिलं तर चार महिन्यांनी दुसऱ्या तालुक्यात गुपचूप लग्न लागतं. मला विचारशील तर एमएसडब्ल्यूचा खरा उपयोग इथे होतो, दारात उभं राहून बघायचं कसं आणि बघितलेलं लिहायचं कसं.

बाबांबद्दल, त्यांना तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी कुठल्याही चांगल्या संस्थेत एकदा घेऊन जा, तिथल्या बायका कशा काम करतात, गाडी कशी असते, दौऱ्याची नोंद कशी ठेवतात, रात्री कोण सोबत असतं हे त्यांना स्वतः विचारू दे. त्यांची काळजी खरी आहे, वाद घालून ती जाणार नाही. माझ्या वडिलांनी आमच्या ऑफिसात बसून दोन तास गप्पा मारल्या होत्या तेव्हा कुठे हो म्हणाले.

फील्डवर्कवाला:
आणि माळावरची, निकालाची वाट न बघता उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर हे आत्ताच काढून ठेव, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना निम्मी मुलं यातच अडकतात. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का तेही बघ. बार्शीहून तुळजापूर लांब नाही, एखाद्या शनिवारी कॅम्पस बघून ये, तिथे ग्रामीण भागावरचं काम चालतं, तुझ्या कलाने बघता तुला ते आवडेल असं वाटतं. काही अडलं तर इथेच लिही.

माळावरची:
उद्याच तहसीलला जाते दाखल्यांसाठी. आणि बाबांना हे सगळं वाचून दाखवलं, वॉर्डातल्या ताईंचं दोनदा वाचायला लावलं त्यांनी. तुळजापूरला माझ्यासोबत येतो म्हणालेत.