आजोबांचे व्हिडिओ टीव्हीवर कसे लावायचे?

मावशी: आजोबांच्या जुन्या कॅसेटमधलं सगळं आता पेनड्राइव्हवर आलंय. पण टीव्हीला लावलं की काही फायलींचा नुसता आवाज येतो, चित्र येत नाही. दोन तर दिसतच नाहीत. आईला रविवारी दाखवायचं होतं. कुणाला काही कळतंय का?

मामा: आमच्याकडेही असंच झालं होतं. शेवटी लॅपटॉपवरच पाहिलं, पण एवढ्याशा स्क्रीनपुढे सहाजण कसे बसणार?

दादा: मावशी, मुलांचं प्लेस्टेशन ४ आहे ना घरी? त्यावर लाव.

मावशी: त्यावर गेमच चालतात ना रे?

दादा: नाही गं. २००० साली प्लेस्टेशन २ आलं, तेव्हापासून त्यावर डीव्हीडीही बघता येते. प्लेस्टेशन ४ साठी मीडिया प्लेअर नावाचं ॲप स्टोअरमध्ये फुकट आहे. पेनड्राइव्हवर एक फोल्डर कर आणि फायली त्यात ठेव, सुट्या नकोत.

मावशी: लावलं. चार दिसल्या, बाकीच्या नाहीत 😔

दादा: अपेक्षित होतं. एमपी४, एव्हीआय ही नुसती डब्यांची नावं. आत चित्र कोणत्या कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या कोणत्या पद्धतीत आहे, त्यावर सगळं ठरतं. कॅसेटवरून थेट उतरवलेली एव्हीआय बहुतेक डीव्ही कोडेकमध्ये असते, ती याला चालत नाही. नव्या फोनवरचे एच.२६५ व्हिडिओही नाहीत. कॉम्प्युटरवर हँडब्रेक नावाचा व्हिडिओचं रूपांतर करणारा प्रोग्राम घे, फुकट आहे. फॉरमॅट एमपी४, व्हिडिओ एच.२६४, आवाज एएसी. फिल्टरमध्ये डीइंटरलेस चालू कर, नाहीतर माणूस हलला की कडेला कंगव्यासारख्या रेषा दिसतात.

दादा: आणि मूळ फायली अजिबात पुसू नकोस. डीव्ही एका तासाला साधारण १३ जीबी खाते, म्हणून लोक जागेसाठी उडवतात. रूपांतर केलेली प्रत बघण्यासाठी, मूळ प्रत जपण्यासाठी. दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेव.

मामा: मी एक फाइल पेनड्राइव्हवर टाकतोय, तर "फाइल खूप मोठी" म्हणतोय. जागा तर भरपूर आहे.

दादा: पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, मामा. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. आतलं सगळं पुसलं जाईल, आधी काढून ठेवा.

वहिनी: एक सांगू का? रविवारी लावाल तेव्हा शेजारी फोनवर आवाज रेकॉर्ड करत ठेवा. माझ्या माहेरी आम्ही व्हिडिओ पाहिले, तेव्हा आजी एकेकाचं नाव सांगत होती, कोण कुणाचा, मागचं घर कुणाचं. कुणी लिहून घेतलं नाही. आता ती नाही. चेहरे आहेत, पण नावं कुणालाच सांगता येत नाहीत.

मावशी: हो गं. नक्की ठेवते.

(रविवार, रात्री)

मावशी: सगळ्या लागल्या!! आईने आजोबांचा आवाज ऐकला आणि पहिले दोन मिनिटं काहीच बोलली नाही. मग म्हणाली, मागे घे. धाकट्याने कंट्रोलरवरून पाच वेळा मागे घेतलं. विहिरीजवळचा तो मुलगा कोण, ते आज कळलं. आईचा चुलतभाऊ. रेकॉर्डिंग पावणेदोन तासांचं झालंय.

वहिनी: 🙏 ऐकूनच बरं वाटलं. मलाही पाठवा.

मामा: माझ्याकडे ताईच्या लग्नाची डीव्हीडी आहे, आपल्याच कॅमेऱ्यात रेकॉर्ड केलेली. त्या कॅमेऱ्यात लागते, प्लेस्टेशनमध्ये नाही.

दादा: कॅमेऱ्यातली डिस्क छोटी, ८ सेंटीमीटरची असेल तर प्लेस्टेशन ४ मध्ये घालू नका, ती त्यात चालत नाही; ट्रेवाल्या डीव्हीडी प्लेअरमध्ये लावा. नेहमीच्या आकाराची असेल, तर प्लेस्टेशन ४ वर डिस्क पहिल्यांदा लावताना एकदा इंटरनेट लागतं, ते आधी बघा. तरी नाही लागली, तर डिस्क फायनलाइज करायची, म्हणजे दुसऱ्या प्लेअरमध्ये चालावी म्हणून रेकॉर्डिंगनंतर बंद करायची राहिली असेल. शक्यतो त्याच कॅमेऱ्यातून करावं लागतं. कॅमेरा अजून चालू होतो का?

मामा: चालतो, पण चार्जर सापडत नाही. माळ्यावर बघतो.